प्रयोग क्र. १ : जीवशास्त्राचा प्राध्यापक तयार करणे

उद्देश

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत राहून, सकाळी भावी डॉक्टरांना शिकवणारा आणि उरलेल्या वेळात माशांची गुणसूत्रे मोजणारा एक जीवशास्त्राचा प्राध्यापक तयार करणे. प्रयोगाला साधारण पस्तीस वर्षे लागतात. एवढा धीर नसेल त्यांनी बारावीनंतर डी. फार्मसीचा फॉर्म भरावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि दुकान लगेच चालू होते.

जागा मुद्दाम निवडली आहे. कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते, वाईवरून खाली उतरते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते, औदुंबर-सांगली करत हरिपूरला वारणेला भेटते. या नदीत मासे आहेत. आणि तिच्या खोऱ्यात मेडिकल कॉलेजेही आहेत : मिरजेचे शासकीय १९६२चे, कऱ्हाडचे कृष्णा १९८४चे, साताऱ्याचे शासकीय अगदी अलीकडचे, २०२१चे. त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉन्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. तेव्हापासून या पट्ट्यात ‘मिरजेला हलवलं’ एवढे ऐकले की घरातली माणसे चपला शोधू लागतात. डॉक्टर या प्राण्याबद्दल इथे जो आदर आहे तो असा चार पिढ्यांचा आहे.

नवशिक्याने एक गोष्ट आरंभीच वहीत लिहून ठेवावी. या खोऱ्यात जीवशास्त्र हा विषय आवडतो म्हणून घेतला जात नाही. दहावीला बरे मार्क पडले की ‘ग्रुप कुठला?’ असे विचारतात. ‘पीसीबी’ म्हटले की घर खूश, आणि त्यातला शेवटचा बी म्हणजे तुम्ही. एसटीच्या थांब्याला जेवढा मान असतो तेवढा तुम्हाला मिळेल : सगळे तिथे येतात, उभे राहतात, गाडी आली की जातात, आणि थांब्याचे नाव काय होते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. या गोष्टीचा ज्याला राग येतो त्याने हा प्रयोग करू नये. ज्याला गंमत वाटते त्याने पुढे वाचावे.

साहित्य

एम.एस्सी. प्राणिशास्त्र ही पदवी, बहुतेकांची शिवाजी विद्यापीठाची. हे विद्यापीठही १९६२चे, म्हणजे मिरजेच्या मेडिकल कॉलेजाच्याच वयाचे. त्या एका वर्षात या भागाला डॉक्टर घडवण्याची आणि प्राध्यापक घडवण्याची अशा दोन्ही सोयी झाल्या. पुढे गर्दी कुठल्या दाराशी झाली ते सांगायला नको.

पीएच.डी., सेट, नेट. शक्य असल्यास तिन्ही, कारण यातले नेमके काय लागते याचा नियम मुलाखतीच्या आदल्या महिन्यात बदलायची प्रथा आहे.

तासिका तत्त्वावर काढलेली काही वर्षे. ही बाजारात विकत मिळत नाहीत, स्वतः काढावी लागतात. या काळात तुम्हाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही सत्र संपून बिल मंजूर झाल्यावर. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा प्राध्यापक आहे’ असे सांगता येते, ‘पर्मनंट का?’ हा प्रश्न येईपर्यंत.

एक सूक्ष्मदर्शक. शंभर पटींचे ऑइल इमर्शन भिंग असावे आणि त्यात बुरशी फार पसरलेली नसावी. साताऱ्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर भिंगाला बुरशी धरते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात आणि पुड्या ओल्या झाल्या की मामा त्या शेगडीवर भाजून आणतात.

मामा. हे साहित्यातले सर्वांत महत्त्वाचे. नियुक्तिपत्रावर ते प्रयोगशाळा परिचर असतात, पण सगळे कॉलेज त्यांना मामा म्हणते. अभिरंजक कुठल्या कपाटात आहे, कुठला नळ सोडला की खालच्या वर्गात गळते, कुठल्या विभागप्रमुखाच्या काळात कुठले उपकरण आले आणि का कधी उघडले नाही, हे फक्त त्यांना ठाऊक असते. प्राचार्यांशी बिघडले तर निभावते. मामांशी बिघडू देऊ नये.

कृती : पूर्वार्ध (डॉक्टर घडवणे)

याला दोन रस्ते आहेत. पहिला जुना आणि राजमान्य : साध्या सायन्स कॉलेजात उभे राहून मेडिकलच्या वाटेवरच्या मुलांना शिकवणे. विश्रामबागेतले विलिंग्डन कॉलेज १९१९चे, साताऱ्यातले रयतेचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७चे. अशा कॉलेजांतून कधीकाळी इंटर सायन्सच्या बी ग्रुपची पोरे मेडिकलला जात, आणि प्राणिशास्त्राचे सर त्यांना मेणाच्या तबकात बेडूक टाचण्यांनी कसा ताणायचा ते दाखवत. क्लोरोफॉर्मचा तो वास अंगात भिनलेल्या सरांच्या हाताखालून निम्म्या जिल्ह्याचे डॉक्टर गेले. आता बेडूक नाही. २०१४ मध्ये यूजीसीने पदवीच्या वर्गांतले विच्छेदन बंद करायला सांगितले, आणि ते बरेच झाले, नाहीतर ओढ्यांत बेडूक उरला नसता. मुलेही आता तबकाकडे बघत नाहीत. २०१६ पासून नीट सक्तीची झाली, तेव्हापासून त्यांना पर्याय अ, ब, क, ड यांच्यापलीकडे प्राणी दिसत नाही. वर्गात तुम्ही ‘का?’ असा प्रश्न टाकलात तर पुढच्या बाकावरची मुलगी नम्रपणे विचारते, ‘सर, हे एनसीईआरटीत आहे का?’

दुसरा रस्ता थेट मेडिकल कॉलेजात जातो. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या पहिल्या वर्षाच्या विषयांना एम.बी.बी.एस. नसलेला, पण एम.एस्सी.-पीएच.डी. झालेला माणूस शिकवू शकतो. यासाठी मेडिकलच्या शाखेतली एम.एस्सी. लागते, ती तीन वर्षांची असते. एके काळी शरीररचना आणि शरीरक्रिया विभागांत तीस टक्के आणि जीवरसायनात निम्म्या जागा अशा शिक्षकांना चालत. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२०च्या नियमांत त्या सरसकट १५ टक्क्यांवर आणल्या. २०२५ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. तेव्हा या रस्त्याने जाणाऱ्याने बॅग कायम भरलेली ठेवावी.

मेडिकल कॉलेजात पोहोचल्यावर पहिल्या दिवशी कळते की इथे दोन प्रकारचे डॉक्टर असतात. एकाला कॅन्टीनमध्ये चहा बसल्या जागी येतो. दुसऱ्याने, म्हणजे तुम्ही, काउंटरवर जाऊन आणायचा. नेमप्लेटवर दोघांच्याही नावाआधी तीच अक्षरे असतात. सोसायटीतल्या आजी मात्र हा भेद मानत नाहीत. त्या जिन्यात गाठून बीपीची गोळी रात्री घेऊ की सकाळी असे विचारतात. अशा वेळी ‘आजी, मी माशांचा डॉक्टर’ असे सांगावे. त्यावर त्या ‘मग मांजरालाही बघत असाल’ म्हणतात. हा संवाद वाढवण्यात अर्थ नसतो.

आता मुख्य कृती. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला गर्भविज्ञान असते, आणि तिथे मासेवाल्या प्राध्यापकाचा दिवस उगवतो. आधी बाजारातून एक रोहू आणावा. तो मेलेलाच असतो, त्यामुळे कुठल्याही परिपत्रकाचा भंग होत नाही. वर्गात त्याचे झाकण उचलून आतल्या कल्ल्यांच्या लालभडक कमानी दाखवाव्यात. मग फळ्यावर माणसाचा साधारण पाच आठवड्यांचा गर्भ काढावा. त्याच्या मानेच्या जागी तशाच कमानी असतात. माशात या कमानींवर कल्ले येतात. आपल्यात त्यांची वाटणी वेगळी होते : पहिल्या कमानीतून कानातली हातोडी आणि ऐरण, दुसरीतून रिकीब. माशाच्या जबड्याच्या सांध्यातली जी दोन हाडे, तीच आपल्याकडे कानात जाऊन बसली आणि आता ती आवाज पोहोचवतात. म्हणजे तुमचे लेक्चर मागच्या बाकापर्यंत पोहोचते ते माशाच्या जबड्यामार्फत. हे सांगितल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते. ती विचारांची असते की मोबाईलची, ते तपासत बसू नये.

याच्याही पुढची गोष्ट स्वरयंत्राच्या नसेची. माशात मेंदूतून निघालेल्या व्हेगस नसेची एक फांदी शेवटच्या कल्ल्याकडे सरळ जाते, वाटेत एका रक्तवाहिनीच्या मागून. अंतर दोन बोटांचे. पुढे प्राण्यांना मान फुटली, हृदय छातीत उतरले, ती रक्तवाहिनीही खाली ओढली गेली, आणि तिच्या मागे अडकलेली नसही तिच्याबरोबर. म्हणून आपल्या डाव्या बाजूची नस मेंदूतून निघते, स्वरयंत्राच्या शेजारून खाली छातीत जाते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्याशी येते. जिराफात हा फेरा काही मीटरांचा होतो. थायरॉईडचे ऑपरेशन करताना सर्जन जिला सर्वांत जपतो ती हीच. तिला धक्का लागला तर पेशंटचा आवाज घोगरा होतो. ही वाट पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती परीक्षेपुरती येते. एकदा रोहू उघडून बघितलेल्याला ती अशी का आहे हेही कळते, आणि मग विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही. पूर्वार्धाचे फळ एवढेच. पुढे हा विद्यार्थी सर्जन झाला तर तो तुम्हाला ओळखेलच असे नाही, पण त्याच्या पेशंटला बोलता येईल.

कृती : उत्तरार्ध (मासे)

चार वाजता प्रॅक्टिकल संपते. त्यानंतर नदीवर जावे. चप्पल घट्ट असावी, पँट जुनी असावी, आणि ओळखपत्र खिशात असावे, कारण बादली आणि इंजेक्शनची सिरिंज घेऊन पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडे गावकरी चांगल्या नजरेने बघत नाहीत.

शास्त्रीय ग्रंथ उघडण्याआधी काठावरच्या भोयाला विचारावे. ही युक्ती नवी नाही. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणारा कर्नल विल्यम हेन्री सायक्स हेच करत असे. त्याने १८३०च्या दशकाच्या अखेरीस इथले मासे विलायतेतल्या प्राणिशास्त्राच्या संस्थेपुढे मांडले, तेव्हा भोयांनी सांगितलेली नावेच पुढे केली. टोर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस, रिटा गोग्रा, स्पेराटा सीनघाला : खडशी, कोळशी, घोगरा आणि शिंगाळा अजून तशाच ओळखू येतात. भोई मात्र तुमच्याकडे संशयाने बघेल. तुम्ही बोटाएवढी मुरी आणि मळे मागता, तो खाण्याचा मासा नाही. ‘काय ओ सर, ह्यो बारका घिऊन काय करताय? थांबा की, मरळ दिऊ का?’ तुम्ही ‘नको, हाच’ म्हटल्यावर तो शेजारच्याला डोळा मारतो. भाव मात्र मरळीचा लावतो.

सातारा जिल्ह्याची या शास्त्राशी ओळख फार जुनी आहे, हे नवशिक्यांना माहीत नसते आणि सांगितले तर त्यांना खोटे वाटते. १९११च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण मालवणी माणसाला साताऱ्याच्या सह्याद्रीतल्या नदीच्या डोहांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्याचे भाईबंद फक्त आफ्रिकेत माहीत होते. नेल्सन अॅनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. हेच अॅनंडेल १९१६ मध्ये झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक झाले आणि १९१९ मध्ये त्यांनी प्रामुख्याने सातारा व पुणे जिल्ह्यांतल्या माशांवर लेख लिहिला. आघारकर पुढे वनस्पतींकडे वळले. १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात जी संशोधन संस्था उभी केली तिला आज त्यांचे नाव आहे. आताच्या काळात पुण्याचे नीलेश डहाणूकर, संजय खरात, मंदार पैंगणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेतल्या आणि वाईच्या कृष्णेतल्या माशांच्या याद्या छापल्या. दोन्ही ठिकाणी जाती पन्नासच्या आसपास किंवा वर. सर्वसामान्य सातारकराला त्यातल्या पाच सांगता येतील, आणि त्यातला एक सुरमई असेल.

आता खरा प्रयोग : माशाची गुणसूत्रे मोजणे. ही कृती नीट वाचावी, कारण इथे घाई केली की पंधरा दिवस वाया जातात.

जिवंत मासा घ्यावा. त्याला कोल्चिसिनचे पातळ द्रावण, साधारण ०.०५ टक्क्याचे, टोचावे. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. वैद्यकात ते गाऊटवर देतात, इथे ते पेशींचे विभाजन ऐन मध्यावर थांबवते. मासा तास-दीड तास हवेच्या पंपाखाली पाण्यात ठेवावा. मग पुढचा वृक्क काढावा. माशाच्या हाडांत रक्त बनत नाही, ते वृक्काच्या पुढच्या भागात बनते, म्हणून विभाजन चाललेल्या पेशी तिथे भरपूर. तो बारीक करून ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात वीस-तीस मिनिटे ठेवला की पेशी पाणी पिऊन फुगतात. मग मिथेनॉल तीन भाग आणि अॅसेटिक आम्ल एक भाग, बर्फासारखे गार. तीन वेळा बदलावे. शेवटी स्वच्छ, थंड काचपट्टीवर हातभर उंचीवरून एकेक थेंब सोडावा. थेंब आपटला की पेशी फुटते आणि गुणसूत्रे पसरतात. गिम्साने रंगवावे. मामा या वेळी शेजारी उभे असतात आणि ‘सर, जरा वरनं सोडा’ असे सांगतात. त्यांचे ऐकावे. त्यांनी चार विभागप्रमुखांचे थेंब पाहिलेत.

मग मोजणी. रोहूची पन्नास. कटल्याची पन्नास. मृगळाची पन्नास. इथवर हुरूप येतो. मग खडशी, म्हणजे आपला महासीर. त्याची शंभर. कधीतरी फार पूर्वी त्याच्या पूर्वजाचा सगळा संच दुप्पट झाला. काचेखाली ही शंभर बारीक काड्यांची रास दिसते, त्यातल्या काही एकमेकींवर पडलेल्या. एकदा मोजावे, अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजावे, एकशे एक. बाहेर शिपाई कॉरिडॉरचे दिवे घालवू लागतो. घाबरू नये. माणसाला स्वतःची गुणसूत्रे १९२३ पासून अठ्ठेचाळीस वाटत होती, कारण थिओफिलस पेंटर या मोठ्या शास्त्रज्ञाने तशी मोजली होती आणि पुढच्या तीसेक वर्षांत अनेकांनी अठ्ठेचाळीसच पाहिली. १९५६ मध्ये जो हिन तिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी शेहेचाळीस असल्याचे छापले. त्यांची हातचलाखी कसली, तर कोल्चिसिन आणि पेशी फुगवणारे पाणी. तुमच्या वृक्काच्या बाटलीतलेच. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, जेरोम लेज्यून यांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांत सत्तेचाळिसावे गुणसूत्र दाखवले, आणि गुणसूत्रे मोजणारा माणूस एकदम दवाखान्यात जाऊन बसला.

म्हणूनच या प्रयोगाचे दोन अर्ध एकमेकांना चिकटतात. सकाळी मेडिकलच्या मुलांना तुम्ही रक्ताच्या पेशी बहात्तर तास वाढवून, कोल्चिसिन घालून, फुगवून, थेंब सोडून गुणसूत्रे दाखवता. संध्याकाळी तेच मासा घेऊन करता. सकाळच्या कामाला रसायने मिळतात, संध्याकाळच्या कामाला सकाळची उरलेली.

डीएनएचे काम करायचे असेल तर मासा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. विभागातली जुनी बरणी-संस्कृती इथे नडते : बरणीतला मासा दिसायला छान, आतला डीएनए खलास. पराचा कपटा कडक अल्कोहोलमध्ये ठेवावा. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवल्यापासून मायटोकॉण्ड्रियातल्या एका जनुकाच्या साडेसहाशे अक्षरांवरून जात ओळखायची पद्धत रुळली आहे, आणि त्याला फक्त हा कपटा पुरतो. पण शुद्ध अल्कोहोल बाळगायला महाराष्ट्रात उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, कायदा १९४९चा. खात्यातले साहेब कपाट तपासायला येतात, बाटलीची पातळी बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात. मासे दाखवावेत.

अनुदानाबद्दल थोडक्यात : तीन कोटेशने, एक विनियोग प्रमाणपत्र, आणि मार्च महिना. बाकी अनुभवाने येते.

दक्षता

मासा नदीत सोडण्याचा मोह टाळावा. मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम फोटोला चांगले असतात, पण ‘मासा सोडला म्हणजे पुण्य’ या हिशेबात जनुके धरलेली नसतात. १० जुलै १९५७ला हिरालाल चौधरींनी ओडिशात भारतीय कार्पांना पिट्युटरीचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज हवे तेवढे होऊ लागले, आणि गंगेकडचे रोहू-मृगळ दक्षिणेतल्या धरणाधरणांत गेले. मूळची आफ्रिकेतली चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली. आता सांगलीच्या बाजारात ती इथलीच वाटते. थाई मांगूरवर २००० मध्ये बंदी आली, तरी तो शेततळ्यांत सापडत राहिला.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आपल्याच खडशीची. लोणावळ्याला टाटांच्या धरणावर हा मासा सत्तरच्या दशकापासून कृत्रिमरीत्या वाढवला गेला. इथे त्याचे काम उत्तम झाले. मग त्याची पिल्ले कावेरीतही सोडली. तिथे एक फार मोठा, पाठीला कुबड असलेला महासीर राहत होता, त्याला अजून शास्त्रीय नावसुद्धा मिळाले नव्हते. आपल्या दख्खनी खडशीने तिथे बस्तान बसवले आणि तो मागे हटला. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची टोर रेमादेवी ही ओळख पक्की झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता. ज्या माशाला वाचवायला निघालो त्यानेच दुसऱ्याचे घर घेतले. प्राध्यापकाने हे उदाहरण मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमात, मंत्रिमहोदय व्यासपीठावर असताना सांगू नये. नंतर चहाच्या वेळी सांगावे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. २०२० मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या पाण्यात, शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा नोंदवला गेला. तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तेव्हा साताऱ्याकडच्या ओढ्यांतून बोटाएवढी मुरी आणताना हसणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

तोंडी परीक्षा

बहिःस्थ परीक्षक येतात, सोबत त्यांचा ड्रायव्हर. विद्यार्थ्यांची परीक्षा झाली की तुमची सुरू होते. नमुन्यादाखल काही प्रश्न व उत्तरे.

प्रश्न : मरळीची गुणसूत्रे किती?
उत्तर : आधी कुठली मरळ ते विचारा. चन्ना स्ट्रायाटाची चाळीस, चन्ना पंक्टाटाची बत्तीस, बाकीच्यांची आणखी निराळी. एकच भोई, एकच टोपली, आणि आत हिशेब तीन-चार तऱ्हांचे. इथे ‘चाळीस’ एवढेच सांगणाऱ्याला पास करावे, ‘कुठली?’ म्हणणाऱ्याला पीएच.डी.ला घ्यावे.

प्रश्न : नदीत मासे मेले, कारण सांगा.
उत्तर : हा प्रश्न परीक्षेत क्वचित येतो, फोनवर नेहमी येतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा असे फोन बऱ्याच जणांना गेले असतील. कारखान्याची किंवा डिस्टिलरीची मळी पाण्यात उतरली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडतात, मग उलटे होतात. हे पहाटे जास्त होते, कारण रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू देत नाहीत, घेतात. बातमीदार हे लिहून घेतो आणि विचारतो, ‘किती टन, सर?’ कुठले मासे, हे तो विचारत नाही. तुम्ही मात्र विचारावे, लगेच गाडी काढावी आणि सूर्य वर यायच्या आत पर कापून कुप्या भराव्यात, कारण उन्हात दोन तासांत डीएनएचा चिखल होतो. चिलापी मेली तर ती वर्षात परत भरते. कोळशी किंवा नुक्ता यांच्यासारखा इथला मासा गेला तर तो कुठून भरायचा, याचे उत्तर ज्याच्याकडे आधीची यादी आहे त्यालाच देता येते. कोयनेच्या आणि वाईच्या त्या छापील याद्या विभागात काढून ठेवाव्यात. चहाच्या कपाखाली ठेवू नयेत.

प्रश्न : एवढं केलंत, मेडिकलची प्रॅक्टिस का नाही केलीत?
उत्तर : हसावे.

प्रश्न : बाकी सर, इथं मासा चांगला कुठं मिळतो?
उत्तर : हा बहिःस्थ परीक्षकांचा शेवटचा आणि खरा प्रश्न. सांगली असेल तर मामांना बाजारात पाठवावे, सातारा असेल तर भोयाला फोन करावा. मासा आला की आधी पराचा कपटा कुपीत टाकावा, नमुना क्रमांक जर्नलमध्ये लिहावा, लांबी आणि वजन घ्यावे, आणि मग तो स्वयंपाकघरात जाऊ द्यावा. कोल्चिसिन टोचलेला मासा मात्र पाहुण्यांच्या पानात वाढू नये. मार्कशीटवर त्यांची सही व्हायची असते.